निळी शाई संपली तो बुधवार

मित्रांनो, आर्गिरिसच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. एक वेळ दगडाला पाझर फुटेल, पण त्याच्या मिशांआडून 'छान' बाहेर पडायचं नाही. गिऱ्हाईक हौसेनं लेकीच्या लग्नाची पत्रिका दाखवतं, तर हा म्हणतो, "हं, कागद जाड आहे." बायको नवा झगा घालून समोर उभी राहते, तर म्हणतो, "सरक, उजेड अडतोय." आणि मी? त्याच्या दुकानाचं ओझं मी माझ्या पाठीवर वाहिलं, पण माझ्या वाट्याला आली टाचेची लाथ आणि "चल गं म्हातारे, हल!"

मी एक जुनी छपाईची मशीन आहे. साधीसुधी नव्हे, अख्खं दार झाकेल एवढ्या कागदावर छापणारी. व्होलोस शहराच्या बंदरामागे, मासळीवाल्यांच्या गल्लीत आर्गिरिसचं दुकान आहे, तिथे खिडकीशी माझी जागा. दुकानात मला 'किरा' म्हणतात. इकडे घरात जिचा शब्द चालतो त्या बाईला किरा म्हणतात, तेव्हा नाव मला शोभतं. मला वाचता येत नाही, हेही सांगून टाकते. मोठमोठ्या विद्वानांची विद्या माझ्या पोटातून गेली, पण मला कळते ती फक्त शाई. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नुसताच कोरा कागद. कोरा कागद आला की माझ्या आतली शाईची गाडी न थांबता पुढे जाते आणि मला श्वास मिळतो. दाट मजकूर आला की इकडून तिकडे, तिकडून इकडे, जीव नकोसा होतो.

थंडीच्या देशात एका कारखान्यात मी जन्मले. तिथून लाकडी पेटीत बसून, बोटीतून इथल्या बंदरावर आले. मला दुकानात बसवलं त्या दिवशी अख्खी गल्ली बघायला लोटली होती. आर्गिरिसची बायको झाफिरो, तिनं माझ्या कोपऱ्यावर निळ्या काचेचा डोळा चिकटवला. नवं बाळ, नवी होडी, नवी गाडी, सगळ्यांना इथे असा डोळा लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. आणि कुणी कौतुक केलंच तर लगेच तीनदा "फ्तू, फ्तू, फ्तू" म्हणायचं. थुंकल्यासारखं, पण कोरडं. आर्गिरिसनं या कटकटीवर स्वतःचा उपाय शोधून काढला: कौतुकच करायचं नाही. ना कौतुक, ना दृष्ट, ना फ्तू.

मी घरांचे नकाशे छापले. निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचे दात छापले. पुढे विद्यापीठातली मुलं येऊ लागली. त्यांच्या परिषदा भरतात, तिथे प्रत्येकानं आपलं संशोधन एका मोठ्या पोस्टरवर मांडून त्याच्याशेजारी उभं राहायचं असतं. लोक समोरून फिरतात. थांबले तर थांबले, नाहीतर पुढे. ही मुलं देवाकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची. मग चढावर नवं दुकान निघालं. तिथली मशीन म्हणे पापणी लवायच्या आत छापते. छापेना का! मुलं तिकडे पळाली आणि माझ्यावर धूळ बसली. ऑगस्टात आर्गिरिस दुकानाला कुलूप घालून समुद्रावर जातो, तेव्हा मला साधी चादरही घालत नाही. बंद खोलीच्या उकाड्यात शाई माझ्या नाकपुड्यांत, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक भोकांत, वाळते. परत आला की कापसाला त्सिपुरो लावून पुसतो. ही इथली द्राक्षाची कडक दारू. अर्धी कापसाला, अर्धी त्याला.

अशा दिवसांत मिर्सिनी आली.

पेलियो डोंगरावरच्या गावची पोर. तिच्या बापाची चेस्टनटची झाडं आहेत आणि त्या झाडांना रोग लागलाय. खोडावर नारिंगी जखम पडते, ती पसरत जाते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. मिर्सिनी विद्यापीठात त्याच रोगावरच्या उपायाचा अभ्यास करत होती. आता थेसालोनिकीला परिषद होती. तिथे वनखात्याची माणसं येणार होती. डोंगरावर झाडांना औषध द्यायचं काम निघणार होतं आणि त्यात एका नव्या माणसाला जागा होती. ज्याचं काम त्यांच्या डोळ्यांत भरेल, त्याला ती मिळणार.

"आणि नाही मिळाली तर?" झाफिरोनं विचारलं.

"तर परदेशी, श्टुटगार्टला, मावशी. चुलत्याच्या खानावळीत. ताटं उचलायला."

"बाप काय म्हणतो?"

"बाबा काही बोलत नाहीत. झाडांखाली जाऊन बसतात."

घरी तिच्याकडे धड संगणक नव्हता, म्हणून आर्गिरिसनं दुकानातला जुना संगणक तिला वापरू दिला. तो माझ्या शेजारीच असतो, त्यामुळे सगळं मी जवळून पाहिलं. इतर पोरं चित्रं इकडून तिकडे ओढत बसतात. ही तसं करत नव्हती. तिचा अक्षरजुळणीचा प्रोग्राम वेगळाच होता. त्यात पडद्यावर नुसत्या ओळी लिहायच्या: इथे मथळा, इथे तीन रकाने, इथे चित्र, एवढं रुंद. मग हुकूम सोडायचा की प्रोग्राम स्वतः सगळं मांडून देतो. काही बिनसलं की तक्रारींची लांबलचक यादी देतो, सासूसारखी.

आर्गिरिस मागे उभा राहून बघायचा. "पोरी, तू चित्र काढतेयस की चित्राला पत्र लिहितेयस?"

"पत्रच आहे, काका. पण एकदा नीट लिहिलं की पुन्हा हात लावावा लागत नाही."

"मग तो लाल अक्षरांत काय ओरडतोय?"

"रकान्यात मजकूर मावत नाहीये म्हणतोय."

"बरोबरच म्हणतोय. माशी बसायला जागा ठेवली नाहीस."

खरंच ठेवली नव्हती. पोरीनं त्या कागदात काय नव्हतं भरलं! दोन हिवाळे डोंगरात हिंडून केलेली सगळी मोजणी, सगळे तक्ते, सगळे आलेख, आधीच्या विद्वानांची नावं, आभार, आभारांचे आभार. माझी अवस्था विचारू नका. शाईची गाडी पळतेय, पळतेय, कुठे थांबायला ओटा नाही. छापून झालं तेव्हा मी गरम झाले होते आणि कागद मुंग्यांच्या वारुळासारखा दिसत होता.

मिर्सिनीनं तो दुकानाच्या खिडकीत आतून चिकटवला आणि आडोशाला उभी राहिली. परिषदेतल्यासारखंच, गल्लीतलं कोण थांबतं ते बघायचं. मासळीवाली गेली. पाद्री गेला, दाढी सावरत. शाळेची पोरं गेली. एक मांजर थांबलं, तेही पंजा चाटायला.

"वनखात्याची माणसं मांजर नाहीत," ती हळूच म्हणाली.

"कमी कर गं थोडं," झाफिरो म्हणाली.

"काय कमी करू? हे काढलं तर त्यांना वाटेल, मी काही केलंच नाही!"

"पालक भरून पाई भाजताना तू अख्खं शेत घालतेस का पिठात? पालक निवडतेस, धुतेस, पिळतेस. खाणाऱ्याला शेत दिसत नाही, म्हणून काय शेत नव्हतं?"

मिर्सिनी संगणकाशी बसली आणि कापायला लागली. एक तक्ता काढला, परत घातला, परत काढला. उठली, दारापर्यंत गेली, आली. एकेक ओळ पुसताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू दात उपटतेय. तिची ती तगमग बघून माझ्याही आत कसंतरी व्हायचं. मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. वीज चालू असली की माझी गाडी अधूनमधून आपोआप हलते, नाकपुड्या मोकळ्या ठेवायला. त्या दिवसांत ती जरा जास्तच हलली.

बुधवारी दुपारपर्यंत तिचं दुसरं पोस्टर तयार झालं. संध्याकाळच्या बसनं तिला जायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परिषद. मजकूर आता आटोपशीर होता, पण पोरीनं हौस भागवून घेतली होती. अख्खा कागद गडद हिरवा, रानासारखा, त्यावर पांढरी अक्षरं आणि मधोमध चेस्टनटचं खोड. हिरवा म्हणजे निळी शाई आणि पिवळी शाई. माझी निळी आधीच तळाला गेली होती. पण अडून बसायचा माझा स्वभाव नाही. मी छापलं. मित्रांनो, बढाई वाटेल, पण बंदरावर आल्यापासून इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं. कागद शाईनं जड झाला होता. ओलाचिंब. मिर्सिनीनं तो दोन्ही हातांनी उचलून मेजावर पसरला.

तेवढ्यात आर्गिरिस आला. हातात थंड कॉफीचा ग्लास, एक घोट तोंडात. त्यानं मेजाकडे बघितलं, घोट गिळायचा राहून गेला आणि भरल्या तोंडानं, आयुष्यात पहिल्यांदा, तो बोलून गेला.

"काय सुंदर आहे गं!"

स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला. रंग उडाला त्याचा. एवढं कौतुक, तेही त्याच्या तोंडचं, म्हणजे दृष्ट लागणारच! मग त्यानं ते केलं, जे इथलाच माणूस करेल. तो पोस्टरवर वाकला आणि घाईघाईनं म्हणाला, "फ्तू, फ्तू, फ्तू!"

पण तोंडात कॉफी होती.

तीन तपकिरी शिंतोडे, फेसासकट, ओल्या हिरव्यावर. एक मथळ्यावर आणि दोन खोडावर. हिरवा रंग तिथून फाटायला लागला. आणि हा शहाणा थांबला का? थांबेल कसा! बाहीनं पुसायला गेला. पांढरी अक्षरं हिरवी झाली, हिरवं रान तपकिरी झालं आणि आर्गिरिसची बाही रानासारखी झाली.

झाफिरो धावत आली. बघितलं. आणि मग तिनं जे तोंड सोडलं ना!

"अरे, आयुष्यभर कुणाला बरं म्हणाला नाहीस, आणि म्हणालास तो नेमका आज? तोही कॉफी पिताना? लोकांच्या नवऱ्यांना दृष्ट काढता येते, माझ्या नवऱ्याला दृष्ट काढायची तर मोरी उघडावी लागते!"

"दृष्ट लागली असती तिला," तो पुटपुटला.

"लागली की! तूच लावलीस!"

मिर्सिनी त्या कागदाकडे बघत उभी होती, आणि ते बघणं मला झाफिरोच्या ओरडण्याहून वाईट वाटलं.

पुन्हा छापायचं, एवढंच ना, तुम्ही म्हणाल. पण माझी निळी शाई संपली होती. मिर्सिनीनं बटण दाबलं तेव्हा मी हिरव्याच्या जागी आजाऱ्याच्या डोळ्यासारखा पिवळा रंग काढला. नवी शाई आणायची तर तो बुधवार. बुधवारी दुपारी आमच्याकडे दुकानं बंद होतात ती दुसऱ्या दिवशीच उघडतात. आर्गिरिसनं चढावरच्या दुकानाला फोन लावला. ज्या माणसाचं नाव काढलं तरी त्याच्या मिशा ताठ होत, त्याच्या दारात तो गयावया करायला तयार होता. फोन वाजत राहिला. मग तो स्वतः पळत चढावर गेला आणि धापा टाकत परत आला. "कुलूप," म्हणाला आणि खुर्चीत कोसळला.

"पोरी, मला मार," तो म्हणाला. "काहीतरी फेकून मार."

मिर्सिनी संगणकाशी बसली. "काका, मशीनमध्ये कुठली शाई आहे?"

"काळी आहे. लाल थोडी. पिवळी आहे."

ती पडद्याकडे बघत राहिली. हिरवं नाही, म्हणजे रान नाही. राहिलं काय? तिचा पाय मेजाखाली सारखा हलत होता. झाफिरो तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "एक विचारू? एवढं छापलंत तुम्ही, पण मला अजून कळलं नाही. तुझं ते औषध दिलं की झाड जगतं, का मरतं?"

"जगतं, मावशी. जखम भरते."

"खरंच भरते?"

"हो. मी बोट लावून बघितलंय. कडेनं नवी साल येते." आणि बोलता बोलता मिर्सिनी थांबली. "मावशी, हे तर कुठेच लिहिलेलं नाहीये. मोठ्या अक्षरांत कुठेच नाही."

मग तिचे हात असे चालायला लागले की मला भीती वाटली. तिच्या त्या प्रोग्रामचा खरा गुण मला तेव्हा कळला. वरच्या एका ओळीत तिनं रंगाचं नाव बदललं आणि अख्ख्या कागदावरचं हिरवं एका हुकमात निघून गेलं. जिथे जिथे मथळा, तिथे तिथे काळा झाला. एकही अक्षर जागचं हललं नाही. तीन ओळींचा लांबलचक मथळा तिनं खोडला आणि त्या जागी, मोठ्यानं म्हणत म्हणत, तीनच शब्द घातले, एवढे मोठे की रस्त्यापलीकडून दिसावेत: 'ही जखम भरते.' खाली एकच खोड, काळं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यावर नारिंगी जखम. नारिंगीला निळी शाई लागत नाही, लाल आणि पिवळी पुरते. कडेला एक आलेख आणि थोडका मजकूर. बाकी सगळा कागद कोरा.

"रिकामं नाही वाटणार?" आर्गिरिसनं कोपऱ्यातून विचारलं.

"तू बाहेर हो आधी!" झाफिरो कडाडली. "दाराबाहेर! आणि तोंडावर हात ठेव!"

तो गेला. खिडकीबाहेर उभा राहिला, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून. मी सुरुवात केली. मित्रांनो, माझ्या काळ्या शाईच्या काही नाकपुड्या ऑगस्टात वाळल्या होत्या. मला माहीत होतं. एखादी ओळ सुटली तर त्या काळ्या खोडावर पांढरा चरा पडणार आणि दुसऱ्यांदा छापायला लाल शाई पुरणार नाही. मी कधी देवाचं नाव घेतलं नाही, देवाचे कागद तेवढे छापले. पण त्या दुपारी मी हळू गेले, एकेक थेंब मोजून, म्हातारी बाई बर्फावरून चालते तशी. खोडाच्या मध्यावर गाडी अडखळली. मिर्सिनीनं माझ्या झाकणावर तळवा ठेवला. "चल ना, किरा," ती म्हणाली. लाथ नाही, शिवी नाही. मी गेले. जखम उतरली, लाल आणि पिवळ्याची, एखाद्या जिवंत प्राण्याची असावी तशी. मग कोरा कागद आला आणि मी श्वास घेतला.

पोस्टर वाळलं. झाफिरोनं ते खिडकीशी उंच धरलं, कुठे चरा पडलाय का बघायला. बाहेर मासळीवाली घरी निघाली होती. ती थांबली. पाटी खाली ठेवली आणि काचेवर टकटक केली. "कुणाची जखम गं?" तिनं बाहेरूनच ओरडून विचारलं. मिर्सिनी हसली, कागद गुंडाळला आणि बसकडे पळत सुटली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. माझ्या पोटातून निघालेला कागद पुढे कुठे जातो, कुणी बघतं का, पावसात भिजतो का, हे मला कुणी सांगत नाही. दाराची घंटा वाजली की माझ्या गाडीला झटका बसायचा. आर्गिरिस कॉफीसुद्धा दुकानाबाहेर उभा राहून प्यायचा.

शेवटी ती आली. कागदाच्या चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं पडली होती. मोठा हॉल होता, ती सांगत होती, आणि सगळीकडे वारुळं. तिचं पोस्टर पार टोकाला लावलं होतं, स्वच्छतागृहाशेजारी. पण ती तीन शब्दांची ओळ लांबून दिसायची आणि लोक सरळ तिकडे चालत यायचे. वनखात्याचे एक म्हातारे गृहस्थ आले, चष्मा वर केला आणि कागदावरच्या जखमेला बोट लावलं. "खरंच भरते?" त्यांनी विचारलं. आणि मग तिनं ते सगळं सांगितलं, जे तिनं कापून टाकलं होतं. दोन हिवाळे, सगळी मोजणी, सगळे तक्ते. ते उभे राहून ऐकत होते.

"मग?" झाफिरोला धीर धरवेना.

"मग श्टुटगार्टला कळवून टाकलं, ताटं दुसऱ्या कुणाकडून उचलून घ्या म्हणून. मी डोंगरावर चाललेय, मावशी. वसंतात पहिलं औषध आमच्याच झाडांना."

झाफिरोनं तिला मिठी मारली. आर्गिरिस तोंड फिरवून नाक शिंकरत होता.

इथे मी थांबले असते. पण मित्रांनो, माणसाची खोड! आठवडा उलटला नाही, तर आर्गिरिस गल्लीत सांगत सुटला: "त्या पोरीचं नशीब माझ्या फ्तूनं उघडलं. मी थुंकलो नसतो तर ते हिरवं पोस्टर घेऊन गेली असती आणि कुणी बघितलंही नसतं!" पोरं परत माझ्याकडे येऊ लागली, पोस्टर छापायला आणि वर त्याची थुंकी मागायला. आणि हा मिशा पुसून पुढे वाकतो! माझी शाई ओली असते, जीव मुठीत असतो, आणि हा वाकतो!

तुम्ही तरी असं करू नका. राबणारी वस्तू तुमच्याही घरी असेल. ती बोलत नाही, म्हणून तिला दुखत नाही असं समजू नका. तिला पुसा, झाका, सुटीवर जाताना तिची आठवण ठेवा. आणि कागदावर काही मांडायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, यातलं एकच सांगायचं झालं तर काय सांगाल. मग तेवढं मोठं लिहा आणि बाकीच्या जागेला श्वास घेऊ द्या.

आज सकाळी आर्गिरिसनं दुकान उघडलं. दोन पोरं दाराशी उभी होती, हातात आपापली वारुळं. त्यांना तो तीच गोष्ट रंगवून सांगत होता, माझ्या झाकणावर कोपर टेकून. बोलता बोलता त्यानं माझं बटण दाबलं. मी खडखडले, घरघरले, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटली आणि दुकानाच्या काचा थरथरतील एवढ्या मोठ्यानं त्याला म्हणाले:

"आर्गिरिस, ऐक. अक्कल त्या पोरीची होती, धाप माझी होती. तू फक्त थुंकलास."